धुतलेलं फूल

नवसाबाईनं अख्ख्या मखमलाबादला सांगून ठेवलं होतं, की आपल्या मळ्यातलं भोपळ्याचं फूल आता नाशकात भिंतीवर लागणार. पोटात गोष्ट राहील तर ती नवसाबाई कसली. तिची लेक वेदिका फुलांचे फोटो काढायची, तेही अंधारात. खताच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट ठोकायचं, दार लावायचं आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी फुलावर धरायची. एरवी पिवळं दिसणारं परागाचं पीठ त्या उजेडात निखाऱ्यासारखं फुलायचं. गंगापूर रोडवरच्या प्रदर्शनाला असा एक फोटो पाठवायचा होता आणि मुदत आज दुपारीच संपत होती.

शेजारची कुसाबाई तेवढी हसली होती. "उजेडात दिसतंय ते अंधारात कशाला बघायचं?" हे नवसाबाईच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून आज फूल तिनं स्वतः निवडलं. मधमाश्या फिरकेनाशा झाल्यापासून ती रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलात हातानं घासायची, तेव्हा कुठे भोपळा धरायचा. त्यातलंच सगळ्यात मोठं नर फूल तिनं मागं ठेवलं. आणि लेकीला देण्याआधी, बाजारच्या भाजीसारखं, उजव्या हातानं नळाखाली धरून स्वच्छ धुतलं. मळका माल लोकांपुढं न्यायचा नाही, हा तिचा बाणा होता.

खोलीत बॅटरी लागली. फूल काळंठिक्कर.

"आई, हे धुतलंस का?"

"मंग? तसंच घाण देऊ का?"

"पराग गेला गं सगळा. चमकतं ते तेच."

दुसरं आणावं तर ऊन चढलं होतं, वेलावरची फुलं मिटून गेली होती. गावभर डंका पिटला आणि लेकीच्या कामावर आपणच पाणी ओतलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली आणि तोंड झाकायला तिनं डावा हात वर केला.

"आई, हात हलवू नकोस."

नवसाबाईनं पाहिलं. सकाळभर मादी फुलं याच हातात धरली होती. पराग नखांत, पेरांत, तळव्याच्या रेषांत बसला होता आणि आता सगळा हात उजळून निघाला होता. वेदिकानं ते धुतलेलं फूल त्याच हातात दिलं आणि श्वास रोखून फोटो काढला.

प्रदर्शनात कुसाबाई मुद्दाम आली. मोठ्या काळ्या फोटोत हात तेवढा लखलखत होता. वेदिका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "हा माझ्या आईचा हात." ते ऐकून नवसाबाईचा ऊर भरून आला आणि कुणाला दिसू नये म्हणून ती उगाच छताकडे बघत राहिली.

"फूल तर काळं पडलंय, नवसे," कुसाबाई म्हणाली.

नवसाबाईनं पदर सारखा केला. "फुलं तुझ्याबी वेलाला लागत्यात, कुसे. हा हात माझा हाय."