फाटकातली पवनचक्की

मी पवनचक्की बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, मान जरा वर करा. फाटकाच्या आत, दिव्यांच्या माळेत गुंडाळलेली, गोरीपान, तीन पात्यांची, ती मी. फिरत का नाही, असं विचारू नका. ते विचारून विचारून लोकांची तोंडं दुखली आणि ऐकून ऐकून माझे कान किटले.

जन्म कारखान्यातला. तिथे मला सुसाट वाऱ्याच्या बोगद्यात उभं करून फिरवलं तेव्हा मी अशी काही वीज दिली की तपासणारा इंजिनिअर शेजारच्याला म्हणाला, "पोरगी गुणाची आहे, फक्त हिला वारा जोरकस लागतो." हे वाक्य माझ्या खोक्यावर लिहायला हवं होतं. खोक्यावर लिहिलं, 'नाजूक वस्तू, जपून हाताळा.'

दुकानात माझ्या शेजारी एक थोरली होती. करडी, लांबलचक पात्यांची, बरोबर उंच खांब. रूपाने यथातथाच, पण साध्या वाऱ्यातही फिरायची. गिऱ्हाइकं तिच्यासमोर उभी राहून माझ्याकडे बघायची. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी अध्यक्ष आले. अध्यक्ष म्हणजे कॉलनीच्या कमिटीचे. कॉलनीत त्यांना याच नावाने हाक मारतात, आणि ती मारली नाही तर ते ओ देत नाहीत. बरोबर त्यांची बायको होती. तिने आल्या आल्या कामाचं सांगितलं, "आमच्या सासूबाईंना श्वासाचा त्रास आहे. नळीने ऑक्सिजन देणारं मशीन दिवसभर लागतं. वीज गेली की ते इन्व्हर्टरवर चालतं, पण हल्ली वीज तासन्‌तास जाते आणि बॅटरी पुरत नाही. ती भरत राहील असं काहीतरी द्या."

दुकानदार भला माणूस. त्याने विचारलं, "वारा कसा आहे तुमच्याकडे? मोजलाय कधी? नसेल तर वारा मोजायचं यंत्र देतो. महिनाभर लावून बघा, मग ठरवू."

"मोजायचं काय त्यात," अध्यक्ष म्हणाले, "आमच्याकडे हवा आहे भरपूर."

"हवा सगळीकडेच असते साहेब. वारा आहे का?"

"अहो, अख्ख्या कॉलनीत आमचीच हवा आहे." आणि स्वतःच्या विनोदावर ते एकटेच खो खो हसले.

दुकानदाराने थोरलीकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी नाक मुरडलं. "ही? ही फाटकात उभी केली तर लोक म्हणतील, अध्यक्षांनी पिठाची गिरणी काढली. ती पांढरी दाखवा." झालं, स्थळ पसंत पडलं. बायको विचारत होती, "हिच्यावर आईंचं मशीन चालेल ना?" तोवर अध्यक्षांनी माझ्याबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला होता.

घराच्या मागे मोकळं माळरान आहे. तिथून वारा येतो, तो भिंतीवरून उडी मारून घराला थडकतो. मला बसवायला आलेला वायरमन म्हणाला, "मागे लावू या, उंच खांब घालू." अध्यक्ष म्हणाले, "मागे कोण बघणार? मागे गुरं चरतात." मग मी पुढे आले, फाटकात, बुटक्या खांबावर. माळाच्या आणि माझ्या मधे घर, घरावर पाण्याची टाकी, बाजूला गर्द झाड. वारा मला भेटायला निघायचा आणि टाकीपाशीच त्याचं घोडं अडायचं. कधी चुकून एखादी झुळूक यायची, मी अर्धा फेरा घ्यायचे आणि दम लागल्यासारखी थांबायचे.

माझ्या अगदी समोर आईंच्या खोलीची खिडकी. नाकाला नळी लावून त्या पलंगावर बसलेल्या असायच्या आणि मी हलले की हसायच्या. मुलाने त्यांना सांगितलं होतं, "आई, आता वीज गेली तरी तुला काळजी नाही." बोलला तेव्हा ते त्याला मनापासून वाटत होतं. त्याचा जीव होता आईवर. पण आईवर जीव असणं निराळं आणि आईसाठी घराच्या मागच्या बाजूला जाणं निराळं.

शेजारी फर्निचरवाला राहतो. त्याची कार्यशाळाही तिथेच, मधे फक्त एक भिंत. वीज गेली की त्याचा डिझेलचा जनरेटर भकभक करायला लागायचा. त्या आवाजाने अध्यक्षांचं डोकं उठायचं. त्यांनी कमिटीत ठराव करून घेतला की संध्याकाळी सहानंतर कॉलनीत जनरेटर लावायचा नाही. फर्निचरवाल्याने काही वाद घातला नाही. सहा वाजले की करवत ठेवायचा आणि ओट्यावर येऊन बसायचा.

मग माझ्या उद्घाटनाचं ठरलं. निमंत्रणं गेली आणि अध्यक्षांच्या लक्षात आलं की मी फिरत नाही. वायरमनला बोलावणं गेलं. "काहीही कर, पण रविवारी ही फिरली पाहिजे." वायरमनने डोकं खाजवलं, भंगारातल्या बॅटरीच्या स्कूटरचा, मोटर फिरवणारा कंट्रोलर आणला आणि घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून उलटी वायर माझ्या पोटात सोडली.

समजलं ना? मी वारा घेऊन वीज द्यायची, ती आता वीज खाऊन फिरणार होते. पवनचक्कीचा पंखा झाला, तोही असा की ज्याचा वारा कुणालाच लागत नाही. बायको म्हणाली, "अहो, आईंचं मशीन त्याच बॅटरीवर आहे." अध्यक्ष म्हणाले, "तासाभराचा तर प्रश्न आहे. आणि रविवारी वीज जात नाही."

रविवारी वीज दुपारीच गेली.

संध्याकाळी पाहुणे जमले तेव्हा मी गरगर फिरत होते. दिव्यांची माळही त्याच बॅटरीवर. अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. पुढच्याच खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पानसुद्धा हलत नाही. मग ही फिरते कशी?"

"टेक्नॉलॉजी," अध्यक्ष म्हणाले. "हिला झुळूकही पुरते."

तेवढ्यात टीं टीं टीं असा आवाज यायला लागला. पाहुणे इकडेतिकडे बघायला लागले. अध्यक्ष एक क्षणही न अडखळता म्हणाले, "ऐकलंत? बॅटरी पूर्ण भरली की असा आवाज येतो." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला खिडकीतून दिसत होतं. आवाज आईंच्या मशीनचा होता. त्या नळी नाकाशी दाबून धरत होत्या, दुसऱ्या हाताने खिडकीची जाळी वाजवत होत्या. टाळ्यांत ते कुणाला ऐकू जाणार? मी ओरडले असते, पण मला तोंड नाही. मला थांबता तरी यायला हवं होतं. त्यांच्या वाटणीची वीज माझ्या पोटात जात होती आणि मी गरगर फिरत होते. अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग माळ विझली, मी थांबले, आणि घरातून बायकोची हाक आली, "अहो, आईंचं मशीन बंद पडलं."

अध्यक्ष धावले. आईंचे ओठ निळे पडले होते. अध्यक्षांच्या हातात माझं माहितीपत्रक होतं, गुळगुळीत कागदाचं, त्यानेच ते आईंना वारा घालायला लागले. माझ्या नावाने त्या घरात मिळालेला पहिला वारा तो. बायकोने नवऱ्याला बाजूला सारलं आणि खिडकीतून शेजारी हाक मारली, "दादा, जनरेटर लावता का हो?"

"पण सहानंतर ठराव आहे ना," पोस्टमास्तर सवयीने बोलून गेले.

"ठराव घाला चुलीत," ती म्हणाली.

भिंतीपलीकडे जनरेटर केव्हाच भकभकायला लागला होता. फर्निचरवाल्याने वायरचं वेटोळं भिंतीवरून फेकलं. "आधी मशीन लावा, वहिनी. बाकीचं नंतर." मशीन घरघरलं. बऱ्याच वेळाने आईंच्या ओठांवर रंग आला आणि अध्यक्ष पलंगाशी जमिनीवर बसून ढसाढसा रडले. खोटं नव्हतं ते रडणं.

दुसऱ्या दिवशी आईंनी त्यांना जवळ बोलावलं. "हिला मागे लाव ना रे, उंचावर."

"आई, तिथे दिसणार कुणाला?"

"मला कुठे बघायचीय? मला श्वास घ्यायचाय."

अध्यक्ष म्हणाले, "बघू."

ते 'बघू' अजून चालू आहे. वायरमनची उलटी वायरही माझ्या पोटात तशीच आहे. आता वीज असेल तेव्हाच, कुणी पाहुणे आले तर मला फिरवतात, एवढी अक्कल आली. आणि रोज वीज गेली की सून आईंना हाताला धरून शेजारी नेते. फर्निचरवाल्याने त्यांच्यासाठी हातांची रुंद खुर्ची करून ओट्यावर ठेवली आहे. मशीन तिथे लावतात. ठराव रद्द झालेला नाही, पण त्याचं नाव कुणी काढत नाही. लोक म्हाताऱ्या माणसांना वाऱ्यावर सोडतात असं ऐकलं होतं. इथे तर वाराही नाही.

परवा कुणीतरी रस्त्याने जाताना आईंना विचारलं, "तुमच्याकडे पवनचक्की आहे ना? मग इथे कशा?"

आई नाकाची नळी सारखी करत म्हणाल्या, "हवा तिकडे आहे, बाबा. श्वास इकडे आहे."

आता संध्याकाळ होतेय. माळावर वारा सुटलाय, टाकीच्या पलीकडे तो घोंघावताना मला ऐकू येतो. आई नुकत्याच फाटकातून शेजारी गेल्या. जाताना माझ्या खांबाला हात टेकून घटकाभर दम खायला थांबल्या होत्या. तुम्ही अध्यक्षांना ओळखत असाल तर एवढा निरोप द्या. म्हणावं, तुझी पवनचक्की मागे यायला तयार आहे, फोटोत नाही आली तरी चालेल तिला.