आवाज जायच्या आधी

"आईला आजिबात बोलायला येणार न्हाय काय?" करिष्मानं विचारलं, तशी ताराबाईनं लेकीची मनगटं घट्ट धरली. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, गाठ स्वरयंत्रावर पसरली आहे, ते काढावंच लागेल. काढूनही पुढचं खात्रीनं सांगता येणार नाही. दहा वाजता ऑपरेशनला नेणार होते.

ताराबाई निपाणीची. तीस वर्षं तिनं विड्या वळल्या आणि दर रविवारी चर्चमध्ये पहिलं गीत तिनंच उचललं. उन्हाळ्यात घसा बसला, तेव्हा कोगनोळीजवळच्या प्रार्थनासभेच्या मांडवात आलेल्या एका बड्या उपदेशकानं तिच्या गळ्यावर हात ठेवला. तू बरी झालीस, म्हणाला. आता दवाखान्याची पायरी चढलीस तर तो अविश्वास. विश्वास ठेवणाऱ्याला देव घर देतो, गाडी देतो, आजार देत नाही. तिनं चार महिने विश्वास ठेवला. गाठ वाढत गेली.

आता बेळगावच्या या वॉर्डात ती दहा वाजायची वाट बघत होती. चिरफाडीची भीती होतीच. त्याहून मोठी भीती आत कुरतडत होती. आपलाच विश्वास उणा पडला. देवानं टाकलं. मेल्यावर तरी तो जवळ घेईल का?

नऊला भरमूअण्णा आले. निपाणीतल्या तिच्या चर्चच्या लहानशा मंडळीचे म्हातारे पाळक, पहिल्या बसनं उभ्यानं आलेले. ताराबाईनं घोगऱ्या आवाजात त्यांना सगळं सांगितलं. मग विचारलं, "मी बरी हुईन न्हवं, अण्णा?"

अण्णा तिच्या खाटेशी टेकले.

"ते मला ठावं न्हाय, तारा. व्हय म्हटलं तर लबाडी हुईल. खरं, मेलीस तरी देवाच्या हातनं सुटायची न्हाईस. त्यानं गाडीचा शब्द कधी दिला न्हवता. ह्यो दिलाय."

"मला लई भ्या वाटतंय."

"त्यालाबी वाटलंतं, क्रुसावर मरायच्या आदल्या राती. भ्यालेल्याला त्यो हाकलत न्हाय."

त्यांनी थोडकी प्रार्थना केली. हिला बरी कर, असंही मागितलं. पण हिला धरून ठेव, हे दोनदा म्हणाले.

ताराबाईची भीती गेली नाही. दहाला तिला ढकलगाडीवर घेतलं. देव रागावलाय, एवढं मात्र आता तिच्या मनात उरलं नव्हतं.

"करिष्मा," तिनं हाक मारली.

"काय गं आई?"

सांगायचं काहीच नव्हतं. तिनं पुन्हा हाक मारली. मग आणखी एकदा.

करिष्माला उमगलं. एकेका हाकेला ओ देत ती ऑपरेशनच्या दारापर्यंत गाडीबरोबर चालत राहिली.