रंगूबाईच्या तपेलीचा गुण

मी एक जुनी पितळी तपेली आहे. माझ्या तळाला भोक आहे आणि ते मुद्दाम पाडलेलं आहे. ते का पाडलं, हे सांगायचं तर मला स्वतःबद्दल बरंच वाईट सांगावं लागेल. मित्रांनो, तुम्ही आता जाणते झाला आहात, म्हणून सांगते.

सांगलीच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. कवठे महांकाळच्या बाजारातून रंगूबाईने मला घरी आणलं. रंगूबाई गावची सुईण. माझ्यात तापवलेल्या पाण्याने ज्यांची पहिली आंघोळ झाली, ती माणसं आज नातवंडं खेळवत आहेत. बाळंतिणीच्या घरी मलाही हळदकुंकू लागायचं. त्या दिवसांत मी फार मिजाशीत होते.

पण मागच्या दारानेही बायका येत. कुणी विधवा, कुणी फसलेली पोर, कुणी बाळंतपणांनी पार पिळून निघालेली. त्यांच्यासाठी रंगूबाई माझ्यात पोट पाडायचा काढा उकळायची. कायदा झाला होता, सरकारी दवाखान्यात हे काम नीट होऊ लागलं होतं. पण दवाखान्याला मागचं दार नव्हतं. पुढे पुढे तर बायका येईनात, आणल्या जाऊ लागल्या. शहरात कुणीतरी यंत्रावर पाहून सांगितलेलं असायचं की पोटात मुलगी आहे. ती बाई चुलीपाशी मान खाली घालून बसायची आणि बोलायची तिची सासू. काढा तोच, तपेली तीच. तपेलीला कोण विचारतं, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. ती पळवाट होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

माझी कल्हई केव्हाच उडाली होती. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट काही राहिलं की ते कळकतं, हिरवं पडतं, पोटात गेलं तर बाधतं. रंगूबाईला हे चांगलं ठाऊक होतं. ताक ती माझ्यात कधी ओतत नसे. काढ्याला मात्र मी चालायचे, कारण काढा मुळातच कडू, त्याची चव बिघडलेली कुणाला कळणार?

मग तिची स्वतःची लेक हौसा तान्हं मूल घेऊन माहेरी आली. तिला पुन्हा दिवस गेले होते आणि अंगात रक्त उरलं नव्हतं. रंगूबाईने मलाच चुलीवर चढवलं. हौसाला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काही दिलं होतं का? रंगूबाई म्हणाली, "न्हाई वं. कावीळ झालीया तिला." तिची नवी सून सुलाबाई शेजारीच उभी होती. सासूपुढे तिचं तोंड उघडलं नाही. कावीळ म्हणून उपचार झाले आणि हौसा गेली. घरी येऊन मला घासताना सुलाबाई हे सगळं रडत रडत बोलली, म्हणून मला कळलं. हौसा काढ्याने गेली की माझ्या कळकाने, हे मात्र मला आजही माहीत नाही.

रंगूबाईने मला माळ्यावर टाकलं. काही वर्षांनी तीही गेली. पण गावाने कावीळच ऐकली होती. त्यामुळे माझं नाव चांगलंच राहिलं. "रंगूबाईच्या तपेलीला लय गुण व्हता," असं बायका अजून म्हणायच्या. खोट्याने मिळालेली ही शाबासकी मी माळ्यावर धूळ खात ऐकत होते.

ती शाबासकी सुलाबाईच्या सुनेने, पूजाने ऐकली. तिचा नवरा जयराज फौजेत, सीमेवर. मुलगी अजून अंगावर पिणारी, आणि तो सुट्टीवर येऊन गेल्यावर पूजाला पुन्हा दिवस गेले. एवढ्यात दुसरं मूल तिला झेपणार नव्हतं. पण दवाखान्यात गेलं तर गावभर होईल, ही भीती. गेल्या वर्षी भर दुपारी, सुलाबाई शाळू काढायला रानात गेलेली पाहून पूजाने मला माळ्यावरून खाली घेतलं आणि बायकांकडून ऐकलेला काढा घालून गॅसवर ठेवलं. मी देवाकडे एकच मागितलं, मला गळती लागू दे. थेंबही गळला नाही. तांबटाचं काम पक्कं होतं.

सुलाबाई परतली तेव्हा पूजा स्वयंपाकघरात आडवी पडली होती आणि मुलगी तिच्या पदराशी रडत होती. सुलाबाईने मला पाहिलं आणि सगळं ओळखलं. तिने गावच्या आशा सेविकेला, प्रियदर्शनीला हाक मारली. जीप आली. निघताना सुलाबाईने मला उचलून पदराखाली घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. काय दिलं होतं?

"भाजीतनं काय तरी..." सुलाबाई बोलू लागली आणि थांबली. मग तिने मला टेबलावर ठेवलं. "ह्यातनं काढा प्यालीया. तळ बगा, हिरवा पडलाय. माझी नणंद बी ह्यातनंच गेली. तवा आमी कावीळ म्हणून सांगितलं, सायेब. आमी खोटं बोललो."

त्यानंतर डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. पूजा वाचली. पुढचं जे करायचं होतं तेही तिथेच, रीतसर आणि गाजावाजा न होता झालं.

"वहिनी, मला नुसतं सांगायचं व्हतं," प्रियदर्शनी म्हणाली. "मी आणलं असतं तुमाला हितं. कुणाला कळलं बी नसतं."

"मला वाटलं, ह्या तपेलीला गुण हाय," पूजा म्हणाली.

सुलाबाई भिंतीकडे तोंड करून रडली.

घरी आल्यावर तिने मला अंगणात पालथं घातलं, एक मोठा खिळा घेतला आणि दगडाने माझ्या तळात ठोकला.

"आत्ती, मोडीत घाला की तिला," पूजा म्हणाली.

"नगं. लोकांस्नी दिसू दे. इचारलं की सांगीन मी."

मला दुखलं, पण तसं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आता मी पुढच्या दारात टांगलेली असते. बायका विचारतात आणि सुलाबाई हौसाचं नाव घेऊन सांगते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं आम्ही जुन्या वस्तू नेहमी विनवतो. माझं मागणं उलटं आहे. मला कल्हई लावू नका. माझं भोक बुजवू नका. आणि कधी डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं होतं, तर खरं सांगा. हौसासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं.