चढण न चढलेली टकवेल गाडी

मी टकवेल गाडी बोलतेय. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, तेच बरं. ओळख सांगायचीसुद्धा मला लाज वाटते.

पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत सायकली बनवणाऱ्या एनॉक टकवेलनं मला घडवलं. सायकलीची चाकं, लाकडी सांगाडा, मोटारसायकलचं इंजिन आणि त्याचा जोर चाकांना पोचवणारा चामड्याचा पट्टा, एवढाच माझा संसार. एनॉक पुढे बसून हाकायचा, बायको डॉर्कस मागे. शेजारी ओरडायचे, "डॉर्कस, पाय खाली सोड, लवकर पोचशील!"

पार्जिटरसाहेब मोठे गाडीविक्रेते. ते म्हणाले, "ही गाडी चर्चमागची चढण दोघांना घेऊन चढली, तर तुमच्या सगळ्या गाड्या मी विकतो." नाहीतर कारखान्याला कुलूप लागणार होतं.

परीक्षेच्या सकाळी एनॉक दाढी करत असताना डॉर्कसनं मला लख्ख पुसलं. ती खोगीरवाल्याची लेक. माहेरी घोड्याच्या साजाला तेल चोळायचे, तसं तिनं माझ्या पट्ट्यालाही मायेनं चोळलं. एनॉक मात्र तो कोरडाच ठेवायचा, वर राळेची पूड लावायचा, घसरू नये म्हणून.

अर्ध्या चढणीवर पट्टा घसरला. इंजिन बोंबलतंय, चाकं हलेनात, आणि मी सगळ्यांदेखत मागे सरकू लागले.

"अहो टकवेल, घोडा जुंपा!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

एनॉकनं उतरून पट्ट्याला बोट लावलं. बोट तेलकट झालं.

"एनॉक, माझ्या वजनानं थांबली का रे?" डॉर्कसनं घाबरून विचारलं.

त्यानं बोट हळूच पाटलोणीला पुसलं. "तुझं कसलं वजन! गाडीतच दम नाही," तो मोठ्यानं म्हणाला.

पार्जिटरसाहेब निघून गेले. पट्ट्याला तेल लागलंय असं एनॉक म्हणाला असता, तर पुन्हा संधी मिळाली असती. पण चारचौघांत बायकोला मान खाली घालायला लावणं त्याला जमलं नाही.

कारखाना बंद पडला. एनॉक आता दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढतो. मी परसात गंजतेय. कपडे वाळत घालताना डॉर्कस मला लाथ मारते. "मेले, माझ्या नवऱ्याचं नाक कापलंस!"

मी शरमेनं अर्धी होते. तरी एक विनंती आहे. कधी तिकडे गेलात, तर तिला तेलाचं सांगू नका. त्या शिव्या माझ्याच वाट्याला राहू द्या.