उत्तररंगाआधी उठणारे शेठ

मित्रांनो, बाळकुमच्या राममंदिरात कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली ती मीच, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची जुनी सतरंजी. नगरसेवक परशुरामशेठनी मला कल्याणच्या बाजारातून आणलं आणि माझ्या काठावर आपल्या पक्षाचं नाव रंगवलं. सकाळी सभा, संध्याकाळी कीर्तन, अशी माझी दुहेरी नोकरी.

कीर्तनाचं सुख काय सांगू! पूर्वरंगात उपदेश, मध्यंतरात बुवांना हार-बुक्का, मग उत्तररंगात गोष्ट. शेठ नेमके मध्यंतराला यायचे. हार घ्यायचे, "ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत खाडीकाठ झगमगवू!" म्हणायचे आणि निघायचे. त्या झगमगाटाच्या नकाशात कोळ्यांचा होड्या लावायचा धक्काच पुसला गेला होता.

एका रामनवमीला त्यांना न्यायला येणारी गाडी घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकली. नाइलाजाने शेठ माझ्यावर बसले. शेजारी मासळी विकणाऱ्या तुळसाआत्या.

"काय रे परशा, आज हार घेऊन पळाला नाहीस?"

"गाडी येईना, आत्या."

"बरं झालं. बस गप. गोष्ट तर आता येते."

हरिहरबुवांनी केवटाची कथा लावली. प्रत्यक्ष प्रभू राम, पण गंगेकाठी नावाड्याची विनवणी करतात! माझे धागेसुद्धा भिजले, मित्रांनो. आत्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या नकाशात त्या नावाड्याने होडी लावायची कुठं?"

शेठ नुसती माझ्या काठाची दशी पिळत बसले.

मग महिनाभर ते पक्षात भांडले. आधी धक्का, आधी खाडीचं पाणी; दिवे मागून. कोणी ऐकेना, तेव्हा त्यांनी पक्षच सोडला. दुसऱ्या दिवशी पक्षाचे जुने कार्यकर्ते देवळाच्या दारात हजर. "सतरंजी पक्षाची आहे!"

माझा तर जीवच गोळा झाला. पण तुळसाआत्या माझ्यावर मांडी ठोकून बसल्या. "न्या की. आधी मला उचला!"

कोण उचलणार? हसत, डोकं खाजवत गेले बिचारे.

धक्का अजून नकाशावर आलेला नाही. शेठ कोळ्यांना घेऊन कचेरीचे उंबरे झिजवतात. पण कीर्तनाला आता तेच मला अंथरतात आणि आरतीपर्यंत हलत नाहीत. त्यांच्या बैठकीखाली ते रंगवलेलं नाव पार पुसट झालंय.

मित्रांनो, मला झटका, उन्हात घाला, चिखलाचे पाय पुसू नका. आणि एवढं ऐका: माझ्यावर बसलात, तर गोष्ट संपल्याशिवाय उठू नका.