बिनभाकरीचं जेवण

साखऱ्याजवळच्या तांड्यात कुणालाही विचारा, रुक्माबाईनं जन्मात कधी काही मागितलं नाही. बाजाराला निघालेला माणूस विचारायचा, "तुला काय आणू?" ती म्हणायची, "मीठ आणा." आता मीठ काय, ते घरालाच लागतं.

म्हणून दिवाळीनंतरच्या एका दुपारी, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, सुनेच्या मोबाइलात डोकावून तिनं जे विचारलं, ते शितलनं मनात जपून ठेवलं. मोबाइलात कुणी बाई वाफाळत्या भांड्यातून चमचा वर उचलत होती आणि चमच्यामागं पांढरा धागा लांबत चालला होता. लांबत होता, लांबत होता, तुटायचं नाव नाही.

"हे काय व्हय गं?"

"पास्ता, याडी. खिमा अन् चीज घालून करतेत."

याडी म्हणजे आई. तांड्यात सगळी लेकरं आईला तेच म्हणतात, आणि शितलही सासूला तेच म्हणायची. रुक्माबाई त्या धाग्याकडं बघत राहिली. हातातली शेंग हातातच. मग हळूच म्हणाली, "तोंडात कसं लागत असल ते?"

बस्. एवढंच. पुन्हा शेंगा.

शितल कुरुंद्याकडच्या तांड्यातली. नांदेडला नर्सिंग शिकली. तिथं होस्टेलात चौघी मैत्रिणी मिळून हाच पास्ता एका भांड्यात, अर्ध्या तासात करायच्या. या घरात येऊन तिला आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत सासूच्या तोंडून 'मला' हा शब्द तिनं ऐकला नव्हता. तिनं नवऱ्याला, जगनला, यादी लिहून दिली. जगन हिंगोलीला हळदीच्या अडतीवर कामाला. संध्याकाळी पास्ता, खिमा आणि चीज घेऊन आला.

पण त्या पहिल्या बारीला फजिती झाली. ताटात वाढलेला पास्ता बघून सासरे हिरासिंग म्हणाले, "कालवण तं झकास दिसतंय. भाकर कुठाय?"

तांड्यातल्या माणसापुढं काहीही ठेवा, ते कालवण. भाकरीशिवाय जेवण म्हणजे बैलाशिवाय गाडी. रुक्माबाई लगेच चुलीपाशी बसली. परातीत पीठ, हातावर थाप, तव्यावर भाकर. बाप-लेकांनी भाकरीच्या घासात त्या पास्त्याच्या नळ्या धरल्या, कांदा फोडला, हिरवी मिरची चावली आणि वाहवा करत जेवले. एक भाकर उतरली की दुसरी, दुसरी संपते तो तिसरी. तव्यापुढं बसलेल्या बाईला जेवायला उसंत कुठली? सगळ्यांचं झाल्यावर रुक्माबाईनं भांडं पुढं ओढलं, तर आत पास्त्याचा गोळा झालेला, लिंपायच्या मातीसारखा. तो तिनं उलथन्यानं खरवडून खाल्ला.

"चांगला झालाय," म्हणाली.

तो 'चांगला' शितलला बाभळीच्या काट्यासारखा रुतला. जिनं धागा बघून विचारलं, तिच्या वाट्याला धागा आलाच नाही. तिनं ठरवलं, पुन्हा करायचा. आणि धागा निघतोय तोवर याडीच्या तोंडात घास गेला पाहिजे.

पुढच्या रविवारी तांड्यात बकरं पडलं. वाटे झाले. हिरासिंग आपला वाटा घेऊन आले आणि रीतीप्रमाणं अंगणातल्या चुलीपाशी बाह्या सरसावून बसले. मटणाचं काम बाप्यांचं.

"बापू," ओढणी जरा पुढं ओढून शितल म्हणाली, "नळी-हाडं उद्याला ठिवू. आज खिमा करून द्या ना."

"खिमा?" हिरासिंगांच्या मिशा हलल्या. "ते दात पडलेल्या माणसाचं खाणं हाय पोरी. हाड चोखलं न्हाई तं बकरं कापलं काहून?"

"तुमच्या हातासारखा बारीक तं मशीनीतबी होत न्हाई म्हणतेत."

"कोण म्हणतं?"

"सगळा तांडा म्हणतो," जगननं लगेच ठोकून दिलं.

झालं. बाभळीचा ओंडका आला, दोन कोयते आले, आणि हिरासिंगांनी खिमा कुटायला घेतला. टक टकाटक, टक टकाटक. हात चालता चालता डफाचा ठेका धरला गेला. होळीला सगळा तांडा ज्या ठेक्यावर नाचतो तोच. लसूण सोलत बसलेल्या रुक्माबाईच्या ओठांवर आपोआप ओवी आली. कुरुंद्याच्या शिवारात हळद काढायला जायची, तेव्हा तिथल्या बायांकडून ती शिकली होती.

*चुलीपाशी माझी जागा, माझ्या तळहाती जाळ*
*ताटोताटी पोचली गं माझ्या भाकरीची माळ*

शितलच्या हातातला कांदा क्षणभर थांबला. कांद्यानंच डोळे भरले असं तिनं स्वतःला सांगितलं.

सूर्य तुरीच्या रानामागं उतरायला लागला होता. पातेल्यात तेल तापलं. कांदा परतला, लसूण-मिरचीचा ठेचा पडला, मग खिमा. टोमॅटो विरघळला. हळद, मीठ, थोडं काळं तिखट. शेजारच्या दोन घरांतली कुत्री येऊन शहाण्या पाहुण्यांसारखी बसली. खिम्याचं पाणी आटलं, तेल सुटलं, तशी शितलनं पास्ता आणि गरम पाणी घातलं आणि दुधाचा तांब्या उचलला.

"ए, थांब!" हिरासिंग ओरडलेच. "मटणात दूध? अंगावर कोड फुटतं, ठाव न्हाई का?"

"बापू, मागल्या बारीलाबी दूध व्हतं," जगन म्हणाला.

 कुणाला कळू नये अशा बेतानं हिरासिंगांनी आपला दंड उलटापालटा करून बघितला.

रुक्माबाईनं आपले दोन्ही हात पुढं केले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. ठिपके, फुलं, विंचू. "माझ्या अंगावर कोडाला जागा हाय का कुठं? सारं भरलंय. फुटलं तं तुमच्यावर फुटल. तुमीच कोरे हाव."

जगन हसता हसता ठसकला. हिरासिंगांनाही हसू दाबता येईना. "ओत बाई ओत," ते म्हणाले. "म्हातारीला नवी वाचा फुटली आज."

दूध पडलं, वर सायीची वाटी पडली. लालभडक कालवणाला लग्नातल्या हळदीसारखा रंग चढला. नळ्या फुगल्या, रस दाटला, आणि बुडबुडे जड होऊन फुटायला लागले, फद् फद्. शितलनं चीज किसून ताटलीत ठेवलं. घातलं मात्र नाही.

आणि तेवढ्यात तिनं मान वळवली तर रुक्माबाई डबा उघडून पीठ काढत होती. परात पुढं, तवा हाताशी.

 पुन्हा तेच. तवा चढला की याडी अडकली.

"याडी, आज भाकर न्हाई."

"यांना लागते गं. दोन टाकते पटकन."

"दोनाच्या सहा होतेत."

"मंग होऊ दे. तुमी बसा, मी काय जाऊन राहिले का कुठं?"

शितल उठली. सासऱ्यांसमोर ती आजवर चार शब्दांच्या वर बोलली नव्हती. ओढणी डोक्यावर सारखी केली आणि बोलली.

"बापू, आजच्या दिवस भाकर मागू नका."

हिरासिंगांनी वर बघितलं. "म्या मागितली का?"

"मागायच्या आधीच टाकतेत त्या. तुमी नको म्हणा."

"माझ्याच घरात मला भाकर न्हाई? काहून?"

"चीज घातलं की लगोलग खावं लागतं. थंड झालं की गोळा. तुमी भाकर खाल्ली की याडी तव्यापाशी, अन् याडी तव्यापाशी तवर धागा गेला. मागल्या बारीला त्यांनी गोळा खाल्ला बापू. त्यांना धागा पायजे व्हता."

 जगन आईकडं बघायला लागला. रुक्माबाई पिठाकडं.

"व्हय का गं?" हिरासिंग म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "तुला पायजे व्हता तं बोलली न्हाई काहून?"

"काय बोलू? पस्तीस वर्सांत एकदा तं म्हणायाचं तुमी, बस जेवायला. मी म्हणले असते, न्हाई, तुमी खा आधी. तेवढं म्हणायाचीबी पाळी आणली न्हाई तुमी."

म्हणाली ती हसतच. पण हिरासिंगांचा हात मिशीवरच राहिला. मग ते उठले. परातीजवळ आले. परातीतलं पीठ ओंजळीनं परत डब्यात घातलं, निम्मं अंगावर सांडलं, आणि झाकण दाबून लावलं.

"बस जेवायला," ते म्हणाले.

"न्हाई, तुमी खा आधी," रुक्माबाई म्हणाली, आणि सगळे खदखदून हसले, ती सुद्धा.

मग एक गंमतच झाली. बसायचं कुठं, तेच तिला कळेना. चुलीपाशी तर भाकर नव्हती. ती अंगणात ओढणीचा पदर धरून पाहुणीसारखी उभी. जगननं पोतं झटकून अंथरलं. हिरासिंग सरकले. "इकडं बस. तिकडून वारा येतो."

ती बसली. आणि तेव्हाच, ती टेकल्यावरच, शितलनं ताटलीभर चीज पातेल्यात लोटलं, दोनदा ढवळलं आणि पहिलं ताट सासूपुढं ठेवलं.

रुक्माबाईनं पाच बोटांत घास उचलला. धागा निघाला. हात छातीपाशी आला, धागा आहेच. कपाळापाशी गेला, आहेच. तिनं हात डोक्याच्या वर नेला, तरी ताटापासून बोटांपर्यंत तो लोंबतोच आहे, मावळतीच्या उजेडात नव्या सुतासारखा चमकत.

"अगं बया, हे तं सरंना!" म्हणत ती चक्क उभी राहिली.

"याडी, खाली बस, झाडावर चढशीन!" जगन ओरडला.

"तोड गं, कोयता देऊ का?" हिरासिंग म्हणाले.

मानेला झोका देऊन तिनं तो धागा वरूनच तोंडात सोडला, नथीला गुंडाळला गेलेला बोटानं सोडवला, आणि घास घेतला. तिघंही आपापली ताटं विसरून तिच्या तोंडाकडं बघत होते.

"कसं लागतंय?" शितलनं विचारलं. 

रुक्माबाईनं हातानंच खूण केली, थांबा. डोळे मिटून चावत राहिली. गिळलं.

"गरम लागतंय," ती म्हणाली.

मग सगळे जेवले. हिरासिंगांचा डावा हात सवयीनं दोनदा भाकर शोधत पुढं गेला आणि रिकामाच मागं आला. जगन म्हणाला, "पायजे का बापू?" ते म्हणाले, "पायजे तं हाय. पर सकाळी." शितलनं पातेलं निपटलं. कुत्र्यांनाही त्यांचा वाटा मिळाला.

तिघांची ताटं रिकामी झाली, तरी रुक्माबाई जेवत होती. एकेक नळी बोटांत धरून, निरखून, सावकाश. तिघं खरकटे हात वाळवत तिच्याभोवती बसून राहिले, इकडचं तिकडचं बोलत. कुणीच उठलं नाही. तिला घाई नव्हती.