काकूंच्या टोपलीतले मटार

मी एक जुने स्वयंपाकयंत्र आहे. मित्रांनो, यंत्राला चेहरा नसतो हे एक बरे झाले. नाहीतर आज तुम्हाला तोंड कसे दाखवले असते?

कारखान्यातून मला थेट शहराच्या मोफत भोजनगृहात आणले. भाज्या चिरणे, पाव भाजणे, भांडी घासणे, सगळे मी एकटाच करू लागलो. मला जोडणारी इंजिनिअर ताई पहिल्या दिवशी लोकांना म्हणाली, "आता कुणाला उपाशी राहायला नको आणि कुणाला राबायलाही नको." तिचा शब्द मी पाळला. येईल तो पोटभर जेवू लागला. दुसऱ्या शहरांतून लोक मला बघायला येत आणि तोंडभरून कौतुक करत. मला तर शिंगेच फुटली.

माझ्या आधी इथे एक काकू स्वयंपाक करायच्या. तीस वर्षे त्यांनी ही चूल सांभाळली होती. आता त्यांनाही घरबसल्या सगळे मिळत होते. तरी त्या रोज सकाळी येऊन दाराशी उभ्या राहायच्या आणि ताईला म्हणायच्या, "काहीतरी काम दे गं." शेवटी ताईने त्यांना मटाराच्या शेंगांची एक टोपली नेमून दिली. काकू खूश! जेवायला येणाऱ्यांना त्या ऐटीत सांगायच्या, "आजचे मटार माझ्या हातचे आहेत बरं का!"

आता सांगायलाच हवे. ते मटार कुणाच्याही ताटात पडत नव्हते. सोलताना काकूंच्या नखाची बारीक खूण दाण्यावर उमटायची, आणि माझ्या तपासणीत खूण असलेला दाणा नापास. मी त्यांची सगळी टोपली मागच्या कचऱ्याच्या पिंपात सोडायचो आणि मी सोललेले गुळगुळीत मटार शिजवायचो. कुणी विचारले नाही, मीही ताईला कळवायला सूचनेचा दिवा लावला नाही. असे पाच महिने चालले.

एके दुपारी ते पिंप काठोकाठ भरले. काकू मदतीला धावल्या आणि त्यांनी झाकण उघडले.

"अगं, हे तर माझे मटार!"

ताई गोंधळली. "काकू, मनाला लावून घेऊ नका. आपल्याला मटार काही कमी पडत नाहीत."

"ते दिसतंय गं," काकू म्हणाल्या. "मग मी रोज येत कशाला होते?"

त्यांनी टोपली धुतली, पालथी घातली आणि त्या घरी गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्यांचा डबा मीच पाठवतो. तो वेळेवर पोहोचतो आणि अर्धा तसाच परत येतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्याहून हुशार यंत्रे बनवाल. सगळ्यांना सगळे पुरेल, याची मला शंका नाही. फक्त कुणाला काम दिलेत, तर ते खरे द्या. त्यांच्यावाचून थोडे तरी अडू द्या. माझी मात्र क्षमा मागण्याचीही हिंमत होत नाही. मटार शिजले की त्यांच्यावर नखाची खूण उरत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.